श्राव्य कादंबरीतील ‘मी’ : एका अद्भुतरम्य प्रेमकथेच्या श्रवणानिमित्ताने

कादंबरी हे मुद्रणाचे अपत्य होय, असे आपण पदव्युत्तर वर्गात शिकवीत आलो आहोत. परंतु ज्यांना आपण हे शिकवितो त्यांतील कित्येक विद्यार्थी आता कादंबरी वाचीत नसून ऐकतात, या गोष्टीची दखल आपल्या समीक्षेने अद्याप पुरेशी घेतलेली दिसत नाही. कन्हान, कामठी, रामटेक या बाजूने नागपूरला शिकावयास येणारा विद्यार्थी घ्या. कन्हानपासून नागपूर सुमारे वीस किलोमीटर. जाण्यायेण्याचा रोजचा वेळ धरला तर आठवड्याकाठी कित्येक तास त्याचे कान मोकळे असतात आणि डोळे व हात मात्र गर्दीत गुंतलेले असतात. या वेळात दूरध्वनीवरून ऐकली जाणारी वाङ्मयकृती बहुधा आपल्या अभ्यासक्रमातली नसते. ती पुष्कळदा इंग्रजीतील असते, तिच्यात जादू असते, सोळा-सतरा वर्षांची नायिका असते, आणि जिच्याशी वैर त्याच्याशीच प्रेम असा तिचा घाट असतो. या प्रकाराला ‘बाजारी’ म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. प्रस्तुत लेखात तसे न करता अशा एकाच कृतीचे श्रवण परीक्षणासाठी घेतले आहे, आणि त्या निमित्ताने मराठी गद्याविषयी जे प्रश्न उपस्थित होतात त्यांचा विचार केला आहे. ‘ऑडिओबुक’ या रूढ शब्दाच्या जागी येथे ‘श्राव्यपुस्तक’ हा शब्द योजिला आहे.

निवडलेली कृती म्हणजे टोमी आडेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिचे श्राव्यपुस्तक बाह्नी टर्पिन या अभिनेत्रीने वाचले असून ते जवळजवळ अठरा तासांचे आहे. २०१९ साली अमेरिकेतील श्राव्यपुस्तकांच्या ‘ऑडी’ पारितोषिकांत वर्षातील सर्वोत्कृष्ट श्राव्यपुस्तकाचा मान त्यास मिळाला. म्हणजे या प्रकारातील सामान्य नमुना नव्हे, तर त्या क्षेत्रातील जाणकारांनी उत्तम ठरविलेला नमुना आपल्यापुढे आहे. दोष काढावयाचा तो उत्तमातून काढावा, म्हणजे तो प्रकाराचा दोष आहे की एखाद्या कारागिराचा, हे कळते.

हा वाङ्मयप्रकार आपणांस परका आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी मराठी कादंबरीचा जो पहिला प्रवाह निर्माण केला तो तरुण नायक-नायिकांच्या अद्भुतरम्य प्रेमकथांचाच होता. रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत या अद्भुताचे जे समर्थन केले आहे ते आजही विचार करण्याजोगे आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या चालींमुळे व अन्य कारणांमुळे नित्याच्या आयुष्यात मनोवेधक असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्यास अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा आशय होता. प्रेम करण्याचे स्वातंत्र्य जेथे नाही तेथे प्रेमकथेला राक्षस, गुहा आणि राजवाडे लागतात, हा त्यातील मुद्दा. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारांच्या रेनॉल्ड्सवरून बेतलेल्या कादंबऱ्या मराठी तरुणांनी रात्री जागून वाचल्या, त्या याच भुकेपोटी. आजच्या विद्यार्थिनीची भूक त्याहून निराळी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. अन्न तेवढे दूरदेशीचे आहे.

ऐकणे हे वाचणे होय की नव्हे, या वादात फार काळ गुंतण्याचे कारण नाही. ज्या भाषेच्या आद्य गद्यग्रंथाची, म्हणजे ‘लीळाचरित्रा’ची, सामग्री ऐकणाऱ्यांच्या स्मरणातून गोळा करण्यात आली, आणि जिच्यात पोथी वाचणारा एक व ऐकणारे अनेक ही व्यवस्था शतकानुशतके चालली, त्या भाषेच्या अभ्यासकाने श्रवणाकडे कमीपणाने पाहणे शोभत नाही. पाश्चात्त्य देशांतही ध्वनिमुद्रित पुस्तकाचा उगम करमणुकीत नाही. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने अंध वाचकांसाठी ग्रंथालयसेवेची सोय झाली आणि त्याच दशकात ‘बोलकी पुस्तके’ तयार होऊ लागली. आपल्याकडे १९४८ साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यापासून श्रुतिका व वाचने कानांवर पडत आली आहेत, आणि २०१७ साली ‘स्टोरीटेल’ या स्वीडिश संस्थेने भारतातील सेवा सुरू करताना मराठीचाही अंतर्भाव केला. तेव्हा प्रश्न ऐकावे की नाही हा नसून ऐकल्याने कृतीचे काय होते हा आहे.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. ओरिशा नामक कल्पित राज्यात पूर्वी जादू होती. राजा सरान याने अकरा वर्षांपूर्वी जादूगारांचा संहार केला व जादू नाहीशी झाली. त्या संहारात जिची आई मारली गेली ती झेली, राजवाड्यातून एक गुंडाळी-ग्रंथ घेऊन पळालेली राजकन्या अमारी, आणि त्या दोघींच्या मागावर निघालेला अमारीचा भाऊ युवराज इनान, हे तिघे आळीपाळीने ‘मी’ म्हणून कथा सांगतात. सगळे निवेदन वर्तमानकाळात आहे. इनानच्या अंगी ज्या जादूचा त्याला तिरस्कार आहे तीच प्रकट होते. तिच्या बळावर तो झेलीच्या मनात शिरू शकतो. एका स्वप्नभूमीत दोघांची भेट होऊ लागते, आणि शिकारी व सावज यांच्यात प्रेम उपजते. ते टिकत नाही. कर्तव्याचा जप करीत आलेला युवराज अखेर बापाच्या बाजूला झुकतो.

छापील पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर निवेदकाचे नाव आहे. ते नाव हवेच, कारण ते झाकले तर पुष्कळ पानांवर बोलणारा कोण हे वाक्यरचनेवरून ओळखता येत नाही. तिघांचीही वाक्ये आखूड आहेत, तिघेही एकेका वाक्याचा परिच्छेद करतात, तिघांच्या उपमा एकाच पेटीतून काढल्यासारख्या वाटतात. राजवाड्यात वाढलेली मुलगी आणि कोळ्याच्या झोपडीत वाढलेली मुलगी यांच्या शब्दसंग्रहात जे अंतर पडावयास हवे ते जवळजवळ पडलेले नाही. हा दोष लहान नाही. ज्या कादंबरीचा विषयच मुळी सत्ताधारी व पददलित यांच्यातील दरी हा आहे, तिच्यात दोन्ही काठांवर एकच भाषा बोलली जात असेल तर ती दरी शब्दांत उतरली नाही असेच म्हणावे लागते.

श्राव्यपुस्तकात हा दोष जाणवत नाही. टर्पिन यांनी झेलीला किंचित खरखरीत, पुढे झेपावणारा आवाज दिला आहे. अमारीला श्वास आवरून धरलेला, हलका. इनानला खालच्या पट्टीतला, शब्द तोडून बोलणारा. प्रकरणाचे नाव ऐकू आले नाही तरी दुसऱ्या वाक्यापर्यंत माणूस ओळखू येतो. ऐकणाऱ्याची खात्री पटते की येथे तीन ‘मी’ आहेत. ही खात्री कादंबरीने कमावलेली नसून वाचिकेने मिळवून दिलेली आहे. उत्तम वाचकाने सुमार संहितेवर केलेला हा उपकार आहे, आणि समीक्षकाने त्याचे श्रेय ज्याचे त्यास द्यावे. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा: ऐकताना ज्या प्रकरणात व्यक्तिरेखा सर्वांत जिवंत वाटली त्याच प्रकरणाचे छापील पान शीर्षक झाकून वाचावे. जेवढे उरते तेवढे लेखिकेचे.

असे असूनही एके ठिकाणी हा एककंठी प्रयोग संहितेला केवळ सावरीत नाही, तर तिला नवा अर्थ देतो. स्वप्नभूमीत इनान झेलीच्या आठवणीत शिरतो तेव्हा एका व्यक्तीच्या ‘मी’मध्ये दुसरीचा ‘मी’ मिसळतो. पानावर ही घटना सांगितली जाते. कानाला ती घडताना ऐकू येते, कारण दोन्ही आवाज एकाच स्त्रीच्या गळ्यातून येत असल्याचे आपल्याला सतत, अर्धवट का होईना, ठाऊक असते. झेलीचा व इनानचा भाग दोन निराळ्या वाचकांकडे दिला असता, जसे अशा प्रेमकथांच्या ध्वनिमुद्रणांत अलीकडे पुष्कळदा करतात, तर आवाजांचा भेद अधिक स्वाभाविक झाला असता आणि हा अर्थ हरपला असता. कीर्तनकार एकटाच हरिश्चंद्र व एकटाच विश्वामित्र होतो, तेव्हा श्रोत्यास ते अस्वाभाविक वाटत नाही, याचे कारण हेच असावे.

आता मराठीकडे वळू. इंग्रजी ‘मी’ला लिंग नाही, ते आवाजाने द्यावे लागते किंवा मथळ्यातील नावाने. मराठी ‘मी’लाही लिंग नाही, परंतु क्रियापदाला आहे, आणि ते सर्वत्र सारखे नाही. ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला आपण सांगतो. कथनाच्या तासाला मात्र विसरतो. ‘मी धावतो’, ‘मी धावते’ येथे लिंग उघड आहे. भूतकाळात ‘मी निघालो’, ‘मी निघाले’ येथेही ते आहे. परंतु ‘मी दार उघडले’, ‘मी तलवार उचलली’ येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते, आणि बोलणारा पुरुष की स्त्री हे वाक्य सांगत नाही. ‘मी म्हणाले’ यात लिंग आहे, ‘मी विचारले’ यात नाही. ‘मी जाईन’ यात नाही. म्हणजे भूतकाळी मराठी निवेदनात निवेदकाचे लिंग लपंडाव खेळत असते. दोन वाक्यांत दिसते, तिसऱ्यात लपते. वर्तमानकाळी निवेदनात त्याला लपावयास जागाच नाही. उघडते, उचलते, पाहते, धावते, थांबते: प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ते’चा ठोका पडतो. डोळा हा ठोका ऐकत नाही. कानाला तो अठरा तास ऐकावा लागेल. पाश्चात्त्य किशोर-कादंबऱ्यांचे वर्तमानकाळी प्रथमपुरुषी निवेदन मराठीत जसेच्या तसे उतरविणाऱ्याने एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. आपल्या कथाकारांनी भूतकाळाला जी पसंती दिली तिच्यामागे सवयीबरोबर कानाचाही कौल असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

तीन ‘मी’ंची योजना मराठीस नवी नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघे आपापली कथा प्रथमपुरुषात सांगतात, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. पुराणातील अद्भुत, दोन स्त्रिया व एक राजा, शाप आणि वासना ही ‘ययाति’ची सामग्री पाहिली तर आजच्या अद्भुतरम्य प्रेमकथेशी तिचे नाते जवळचे आहे, वयाची प्रौढी तेवढी वेगळी. येथेही निवेदकांची नावे मथळ्यात दिलेली आहेत. ती झाकली तर ययाति व दोघी स्त्रिया यांतील भेद क्रियापदे सांगतील. देवयानी व शर्मिष्ठा यांतील भेद मात्र क्रियापद सांगू शकत नाही, आणि तेथेच खांडेकरांच्या शैलीची कसोटी लागते. तिघांच्याही मुखातून सुभाषितवजा वाक्ये आणि कल्पनाविलास येत राहतात. गर्विष्ठ ऋषिकन्या व दासी झालेली राजकन्या या दोघी एकाच अलंकारिक भाषेत विचार करतात. आडेयेमींच्या बाबतीत जे काम वाचिकेचा गळा करतो ते खांडेकरांच्या बाबतीत काही अंशी आपले व्याकरण करते. दोन्हीकडे वेगळेपणाचा भास बाहेरून पुरविला जातो. आवाज वेगळा म्हणजे व्यक्ती वेगळी नव्हे, आणि प्रत्यय वेगळा म्हणजेही नव्हे. ज्ञानपीठ पारितोषिकाने (१९७४) गौरविलेल्या कृतीबद्दल हे म्हणताना तिची थोरवी नाकारावयाची नाही. तिची थोरवी ययातीच्या आत्मपरीक्षणात आहे; तीन कंठांच्या योजनेत नाही.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर प्रेमाच्या व्याकरणाबद्दल एक टिपण करून पुढे जावे. ‘मला तो आवडतो’, ‘मला ती आवडते’ या वाक्यांत क्रियापदाचे लिंग प्रेम करणाऱ्याचे नसून ज्यावर प्रेम जडले त्याचे असते. आवडणे, वाटणे, आठवणे, भावणे ही सारी क्रियापदे अनुभव घेणाऱ्यास चतुर्थीत बसवितात आणि त्याचे लिंग पुसून टाकतात. मराठी प्रेमकथेत नायिका जो जो प्रेमात पडत जाते तो तो वाक्यातून तिचा ‘ते’ मागे सरतो आणि त्याचा ‘तो’ पुढे येतो. ‘मी त्याच्यावर प्रेम करते’ असे लिहिणारे अनुवादक ही सोय हातची घालवितात, आणि त्या वाक्यातील ‘करते’ कानाला स्वयंपाक करण्याइतकेच व्यावहारिक लागते.

श्रवणाने एक दोष झाकला जातो हे वर दाखविले. दुसरा तितकाच उघडा पडतो. डोळा पुनरुक्तीवरून घसरत जातो. कानाला तशी मुभा नाही. श्वास अडकणे, छाती धडधडणे, जबडा आवळणे, मुठी वळणे या देहचिन्हांनी या प्रकारच्या कादंबऱ्यांत भावनेची जागा घेतलेली असते. पानावर ती विरामचिन्हांसारखी निघून जातात. अठरा तासांच्या श्रवणात मात्र तीच तीच चिन्हे पुनःपुन्हा, पूर्ण वेळ घेऊन, पूर्ण स्वरात ऐकू येतात, आणि वाचिका जितकी प्रामाणिक तितकी ती अधिक खुपतात. उलट एका पुनरुक्तीला श्रवणात तेज येते. इनानला झेलीची चाहूल लागते ती समुद्राच्या मिठाच्या वासाने. प्रथम तो पाठलागातील माग असतो, मग मोह, मग अपराधाची आठवण. शब्द तोच राहतो आणि त्याच्याभोवतीचा प्रसंग बदलतो. गाण्यातील ध्रुवपदाप्रमाणे तो दर वेळी नव्या कडव्यानंतर ऐकू येतो. निष्फळ पुनरुक्ती व सफल पुनरुक्ती यांतील फरक वर्गात समजावून देण्यास श्राव्यपुस्तकासारखे साधन नाही.

संवादाच्या मांडणीतही कान आपला हक्क सांगतो. आधुनिक कादंबरीत उद्गार आधी येतो आणि तो कोणाचा हे मागाहून कळते. ही रीत डोळ्यासाठी आहे. अवतरणचिन्ह दिसते, ओळ बदललेली दिसते, तेव्हा नाव उशिरा आले तरी चालते. श्राव्यपुस्तकात वाचिका आवाज बदलून वाक्य बोलते, ऐकणाऱ्यास माणूस कळतो, आणि मग ‘अमारी म्हणते’ हे शब्द शिळ्या बातमीसारखे येतात. ‘लीळाचरित्रा’ची रीत पाहा. तेथे बोलणाराचे नाव बोलण्याच्या आधी येते, छोट्या व ठरीव शब्दांत येते, आणि मग बोलणे सुरू होते. ऐकून ध्यानात ठेवलेल्या गद्याची ती गरज होती. कानासाठी कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाला या बाबतीत ऋद्धपूरच्या परंपरेकडून शिकण्यासारखे बरेच आहे. ते शिकण्यास विदर्भातील लेखकाला फार दूर जावे लागत नाही.

जादूचे मंत्र कादंबरीत योरुबा भाषेत छापले आहेत. योरुबा ही सुरांची भाषा आहे. उच्च, मध्य व नीच अशा तीन पातळ्यांवर तीच अक्षरे निराळे अर्थ देतात, आणि छापील पानावर हे सूर अक्षरांच्या डोक्यावरील चिन्हांनी दाखविलेले असतात. बहुतेक वाचक ही चिन्हे नक्षीसारखी पाहून पुढे जात असतील. ऐकणाऱ्यास निदान एवढे कळते की मंत्र हा उच्चारावयाचा असतो. आपल्या शास्त्रकारांना हे नवीन नव्हते. ‘इंद्रशत्रु’ या समासातील स्वर चुकल्यामुळे इंद्राचा वध करणारा व्हावा म्हणून केलेल्या यज्ञातून इंद्राकडून मारला जाणारा जन्मला, ही कथा पतंजलीने महाभाष्यात व्याकरणाच्या प्रयोजनांमध्ये गोवली आहे. अक्षरे तीच, सूर बदलला, अर्थ उलटला. ज्या कादंबरीत शब्द बरोबर उच्चारला तरच मृत जागे होतात, ती कादंबरी मुळात ऐकण्याचीच वस्तू आहे असे म्हटल्यास चूक होणार नाही. आणि झेली ज्या भाषेत मंत्र म्हणते ती तिच्या मारल्या गेलेल्या आईची व बंदी घातलेली भाषा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उच्चारांचे मोल केवळ नादाचे राहत नाही.

टर्पिन यांनी निवेदनाला व संवादांना पश्चिम आफ्रिकी इंग्रजीचे वळण दिले आहे. छापील संहिता बहुतांशी प्रमाण अमेरिकन इंग्रजीत आहे. तिला बोलीचा रंग चढतो तो ध्वनिमुद्रणात. यावर कोणी असा आक्षेप घेईल की हा रंग वरून लावलेला आहे. आक्षेप खरा आहे. तरीही कादंबरीतील नगरांना लागोस, इबादान, इलोरिन ही नायजेरियातील खरी नावे देणाऱ्या लेखिकेच्या पात्रांनी न्यूयॉर्कच्या उच्चारात बोलावे हे अधिक खोटे ठरले असते.

मराठीत हाच प्रश्न अधिक अडचणीचा होतो. आपल्या श्राव्य वाङ्मयाचा कान प्रमाण बोलीवर घडलेला आहे. ‘काय करून राहिली?’ असे जिच्या घरात बोलतात, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो हे जिने आजीच्या तोंडून ऐकले आहे, अशी कन्हानची मुलगी जादूची तलवार हाती घेणारी नायिका म्हणून अद्याप प्रस्तुत लेखकाच्या ऐकण्यात आली नाही. वऱ्हाडी-नागपुरी बोली ध्वनिमुद्रित वाङ्मयात येते ती बहुधा विनोदासाठी किंवा ग्रामीण दुःखासाठी. वर ज्या ‘ते’ प्रत्ययाची चर्चा केली तोही सर्व मराठी स्त्रियांचा नाही. कोल्हापूर-सांगलीकडील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असेच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ‘मी आले’ हे पुस्तकी वाटते. तेव्हा श्राव्य कादंबरीत ‘मी’ कोण, हे ठरविताना ती कोठली हेही ठरवावे लागेल. पानावर हा प्रश्न टाळता येतो. कंठाला कोणत्या ना कोणत्या गावचे असावेच लागते.

सर्वांत शेवटी, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, सर्वनामांविषयी. इंग्रजी ‘यू’मध्ये झेली व इनान यांच्या संबंधाचा सगळा प्रवास एकाच शब्दाने पार पडतो. मराठीत त्याला निदान तीन घाट चढावे लागतील. प्रजेतील मुलीने युवराजाला ‘आपण’ म्हणावे अशी रीत. ती झेली पाळणार नाही, हे उघड आहे. ती पहिल्या भेटीपासून त्याला ‘तू’ म्हणेल, आणि तो ‘तू’ वैराचा असेल. इनानही तिला ‘तू’ म्हणेल; त्याचा ‘तू’ मालकाचा असेल. पुढे प्रेम जडले तरी शब्द ‘तू’च राहील. आपल्या जुन्या प्रेमकथांत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे ही जी एक घटना असे, ती येथे घडणारच नाही, कारण वैऱ्याचा ‘तू’ आणि प्रियकराचा ‘तू’ यांचे रूप एक आहे. संहितेत येथे काहीच बदललेले दिसणार नाही. सगळा बदल वाचणाऱ्याच्या स्वरात करावा लागेल, आणि इंग्रजी वाचिकेला जे काम कधी करावे लागले नाही ते मराठी वाचिकेला करावे लागेल. उत्तम वाचिका असेल तर केवळ एका एकाक्षरी शब्दाच्या स्वरातून अर्धी प्रेमकथा ऐकू येईल.

‘वुई’चे तसे नाही, तेथे निर्णय अनुवादकाचा आहे, आणि तो चुकवता येत नाही. स्वप्नभूमीत इनान नव्या ओरिशाचे स्वप्न रंगवू लागतो, दोघांनी मिळून काय उभारता येईल ते बोलतो. तो ‘वुई’ म्हणतो. झेलीही ‘वुई’ म्हणते. पण तिच्या तोंडी तो शब्द बहुतेक वेळा तिच्या छळल्या गेलेल्या जमातीचा असतो, ज्यात युवराजाला जागा नाही. इंग्रजी संहितेत हे दोन ‘वुई’ एकमेकांस खेटून उभे राहतात आणि त्यांच्यातील भेद प्रसंगावरून समजून घ्यावा लागतो. टर्पिन यांच्या वाचनातही तो स्वराने दाखविण्याचा यत्न जाणवला नाही, आणि इंग्रजीत तो करावा अशी अपेक्षाही नाही. मराठीत इनानचा ‘आपण’ आणि झेलीचा ‘आम्ही’ हे निराळे शब्द आहेत. झेली ज्या वाक्यात प्रथम ‘आम्ही’ सोडून ‘आपण’ म्हणेल ते वाक्य या प्रेमकथेचा मध्य ठरेल, आणि ज्या वाक्यात ती पुन्हा ‘आम्ही’वर येईल ते तिचा अंत. मूळ लेखिकेने ही दोन वाक्ये कोठे आहेत हे सांगितलेले नाही. तिच्या भाषेने तिला ते विचारलेच नाही. मराठी अनुवादकाला ती शोधून काढावी लागतील, आणि तो जेथे बोट ठेवील तेथे कादंबरीचा अर्थ ठरेल. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी की ‘आपण’ हाच शब्द युवराजाला उद्देशून आदरार्थीही येतो. ‘आपण जावे’ आणि ‘आपण जाऊ’ यांत एक प्रजेचे वाक्य आहे, दुसरे सोबतिणीचे, आणि पहिला शब्द दोहोंत सारखाच ऐकू येतो.

समावेशक व व्यावर्तक ‘आम्ही’चा हा भेद मराठी-गुजरातीत आहे, आणि द्राविडी भाषांत तो पुरातन आहे, तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ असे दोन शब्द त्यासाठी आहेत. प्रमाण हिंदीत तो नाही. ‘हम’ दोहोंकडे चालतो. परंतु कन्हान-कामठीच्या हिंदीत, जेथे मराठी, हिंदी व तेलुगू बोलणारे एकमेकांच्या शेजारी राहत आले आहेत, ‘अपन’ हा शब्द सर्रास ऐकू येतो, आणि तो ऐकणाऱ्याला आपल्यात घेतो. ही कादंबरी हिंदीत वाचली गेली तर पुस्तकातील झेली इनानला ‘हम’ म्हणेल. कन्हानच्या बसमध्ये ती ऐकणारी मुलगी मात्र शेजारच्या सीटवरील मैत्रिणीला, उतरण्याची वेळ झाली म्हणजे, ‘अपन’ म्हणत असते.